रिकामा वाडगा

शुक्रवारी सकाळी कैरो शहर उशिरापर्यंत लोळत पडतं, आणि इथे दोन वर्षं काढून तेल्मोही तसाच झाला होता. लिस्बनमध्ये सुट्टीच्या दिवशीही सातला उठून खिडक्या पुसणारा हा माणूस आता साडेनवाशिवाय पांघरुणातून नाकसुद्धा बाहेर काढत नसे.

इरिया मात्र उजाडल्यापासून जागी होती. एक हात पोटावर ठेवून छताकडे बघत ती दिवस मोजत होती. दहा आठवडे आणि सहा दिवस. उद्या अकरा पुरे होतील. मागच्या वेळी, लिस्बनमध्ये, अकरा पुरे झाले त्याच दुपारी सगळं संपलं होतं. रविवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवस ढकलायचे, बस.

"काय मोजतेयस?" तेल्मोनं डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही."

"ओठ हलतायत."

"डोळे मिटून ओठ दिसतात तुला?"

"सात वर्षं झाली लग्नाला. भिंतीपलीकडूनही दिसतात." त्यानं कूस बदलली आणि आपला हात तिच्या हातावर ठेवला. "भूक लागलीय. टोपली सोड ना."

टोपली म्हणजे त्यांच्या शुक्रवारचा मानाचा कार्यक्रम. घर चौथ्या मजल्यावर, खाली अगदी गॅलरीच्या नाकासमोर हाज मितवल्लीचं किराण्याचं दुकान. या शहरात अशा वेळी कुणी जिने उतरत नाही. टोपलीत चिठ्ठी आणि पैसे टाकायचे, वरून हाक मारायची आणि दोरी सोडायची. तेल्मो भुयारी रेल्वेच्या कामावरचा इंजिनियर. त्याला साधी दोरी साधी कशी ठेववेल? त्यानं प्रत्येक मजल्याचं अंतर मोजून दोरीला गाठी मारल्या होत्या. पहिली गाठ हाताशी आली की टोपली तिसऱ्या मजल्यावर, दुसरी आली की दुसऱ्यावर. "अंधारातही सोडता येईल," तो अभिमानानं म्हणाला होता. अंधारात टोपली कोण सोडणार, हे तिनं विचारलं नव्हतं.

इरिया शाल गुंडाळून गॅलरीत आली. फेब्रुवारीचं कोवळं ऊन, रस्ता रिकामा, समोरच्या वडाखाली एक मांजर अंग चाटत बसलेलं. तिनं हाक मारली, टोपली सोडली. पहिली गाठ हातात आली आणि दोरी सैल पडली, कुणी टोपली खालून तळहातावर झेलावी तशी. क्षणभरच. मग पुन्हा वजन आलं आणि टोपली खाली गेली.

गेले काही शुक्रवार असंच होत होतं. वारा असेल, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आज वारा नव्हता.

तिनं कठड्यावरून वाकून बघितलं. तिसऱ्या मजल्याची गॅलरी नेहमीसारखीच बंद, हिरव्या लाकडी झडपा घट्ट मिटलेल्या. इमारतीच्या प्रत्येक कठड्यावर कबुतरं बसतात. त्या एका कठड्यावर बसत नाहीत.

मितवल्लीनं सामान भरलं, दोरीला हिसडा दिला. इरियानं टोपली ओढून घेतली. वर येताना पहिल्या गाठीशी ती पुन्हा थबकली. पाव, पिशवीतली फूल नावाची गरम उसळ, तळलेले वडे, पुदिन्याची जुडी. आणि पुदिन्याखाली एक वाडगा. निळ्या काठाचा, इनॅमलचा, एका ठिकाणी टवका उडालेला.

तो वाडगा ती ओळखत होती.

पाच आठवड्यांपूर्वी तो असाच आला होता, तांदळाच्या खिरीनं भरलेला, वर दालचिनीची पूड. दुकानदारानं प्रेमानं पाठवली असेल, असं समजून दोघांनी मिटक्या मारत खाल्ली होती. पुढच्या शुक्रवारी इरियानं वाडगा लख्ख घासून टोपलीत ठेवला. लिस्बनमध्ये घासून परत केलेलं भांडं म्हणजे चांगले संस्कार. वर आली तेव्हा टोपलीत वाडगा नव्हता. तो पोचला, असं तिला वाटलं. पण त्याच टोपलीत न मागितलेली एक पुडी आली, मुगातची. बाळंतिणीला तुपात परतून देतात ती मुळाची पूड. त्यानंतर एका कापडी पिशवीत सात धान्यं. मितवल्ली हिशेबात घोळ घालतो, असं म्हणून तिनं दोन्ही स्वयंपाकघराच्या कपाटात मागे सारून ठेवली होती. तेल्मोला काही सांगितलं नव्हतं.

आज वाडगा रिकामा आला होता. आणि वाडग्याखाली एक पायमोजा होता. पांढऱ्या लोकरीचा, तिच्या अंगठ्यापेक्षा थोडासा मोठा. एकच.

"हाज मितवल्ली," तिनं खाली वाकून विचारलं. तिचं अरबी दुकानापुरतंच होतं, पण दुकानापुरतं चोख होतं. "वाडगा तुमचा का?"

"कसला वाडगा?"

"निळ्या काठाचा."

"बाई, मी पाव विकतो. भांडी बाजारात मिळतील."

"आणि मागे खीर पाठवली होतीत ती?"

"मी खीर पाठवली असती तर पैसे घेतले असते," मितवल्ली हसत म्हणाला. मग त्याची नजर हळूच चौथ्या मजल्यावरून एक मजला खाली उतरली. हसणं तिथेच राहिलं. त्यानं बाहेर ठेवलेलं स्टूल उचललं आणि तो दुकानात गेला.

तेल्मो केस विस्कटलेल्या अवस्थेत टेबलाशी येऊन बसला आणि त्यानं मोजा बोटावर चढवला. "कुणीतरी प्रेमात पडलंय तुझ्या. पण कंजूष दिसतो. एकच?"

इरियानं कपाटातली पुडी आणि धान्याची पिशवी आणून त्याच्यासमोर ठेवली. एकेक करून सगळं सांगितलं. तेल्मोनं वडा तोंडाशी नेला होता तो तसाच खाली ठेवला.

"पण आपण कुणालाच सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "तुझ्या आईलासुद्धा नाही."

"मलाच महिन्यापूर्वीच्या त्या मंगळवारी कळलं, तेल्मो. खीर त्याच्या आधीच्या शुक्रवारी आली होती."

त्यानं बोटावरच्या मोज्याकडे बघितलं. मग त्यानं तो काढला, नीट सरळ केला आणि वाडग्यात ठेवला. "कपडे कर," तो म्हणाला. "नदीवर जाऊ. सुट्टी आहे आज. घरात बसलो तर तू मोजत बसशील आणि मी तुला मोजताना बघत बसेन."

लिफ्ट शुक्रवारी बंदच असते. जिन्यानं उतरताना तिसऱ्या मजल्यावर इरियाचे पाय आपोआप मंदावले. दोन वर्षं ती या दारावरून जात-येत होती. आज पहिल्यांदा तिनं नीट बघितलं. दारावर पितळेची पाटी होती, ग्रीक आणि अरबी दोन्ही अक्षरांत. मदाम एव्हांथिया. पाटी चकचकीत होती, कुणी सकाळीच चिंच लावून घासावी तशी. उंबऱ्यापाशी धुळीचा कण नव्हता. आणि दालचिनीचा वास येत होता.

"तुला येतोय?" तिनं विचारलं.

"काय?"

"वास."

"खालून येत असेल," तेल्मो म्हणाला, आणि त्यानं तिला कोपराला धरून जरा भरभर पायऱ्या उतरवून नेलं.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. दुकानांवर अर्धी फळी ओढलेली, मशिदीबाहेर फुटपाथवर चटया पसरलेल्या, लाऊडस्पीकरवरून प्रवचनाचा संथ आवाज झाडांतून गाळून येत होता. एरवी हॉर्नशिवाय एक क्षण न जाणारं हे शहर अशा वेळी कुणीतरी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवल्यासारखं वाटतं. त्यांनी नदीवर शिडाची होडी तासाभरासाठी घेतली. तेल्मोनं नावाड्याशी भावावरून हुज्जत घातली, हरला, आणि हरल्याचा आनंद झाल्यासारखा हसला. पाण्यावर ऊन सांडलं होतं. दोघांनी एका पाकिटातून खारे शेंगदाणे खाल्ले. एरवी इरियाला हे सगळं मनापासून आवडतं. आज तिला एकच दिसत होतं: रिकामा वाडगा आपल्या टेबलावर आहे, आणि कुणीतरी वाट बघतंय.

"मागच्या वेळी," ती अचानक म्हणाली, "मी काही चुकीचं केलं होतं का?"

"इरी."

"विचारतेय फक्त."

"डॉक्टर म्हणाले होते ना, कुणाचीच चूक नाही."

"डॉक्टर काहीही म्हणतात."

तेल्मोनं पाकीट उलटं केलं. त्यानं शेंगदाण्यांची सालं पाण्यात टाकली. ती बुडली नाहीत, होडीबरोबर येत राहिली.

ते परतले तेव्हा अम्म इद्रीस दाराशी बाकावर बसून चहा पीत होता. इमारतीचा हा रखवालदार, दक्षिणेकडचा नूबी, सत्तरीचा होता. लहानथोर सगळे त्याला अम्म, म्हणजे काका म्हणत. या दोघांना कळावं म्हणून तो त्यांच्याशी सावकाश, सोप्या अरबीत बोले. त्यानं न विचारता आणखी दोन पेले भरले आणि बाकावर सरकून जागा केली.

"अम्म इद्रीस," इरिया बसता बसता म्हणाली, "तिसऱ्या मजल्याची पितळी पाटी कोण पुसतं?"

"मी तळमजल्याचं पितळ पुसतो," म्हातारा म्हणाला. "तेवढाच माझा पगार."

"मग ती?"

त्यानं चहात साखर ढवळली. बराच वेळ ढवळली. "काय आलं टोपलीतून?" त्यानं विचारलं.

तेल्मोनं तिच्याकडे बघितलं. इरियानं खीर, पुडी, धान्य, मोजा, सगळं सांगितलं. अम्म इद्रीसचा चेहरा एकदम मऊ झाला. तिच्या पोटाकडे न बघता, मान खाली घालूनच तो म्हणाला, "बरकत असो, पोरी. बरकत असो."

"कुणी पाठवलं?"

"मदाम एव्हांथिया. इथेच जन्मली, इथेच शिवणकाम केलं, इथेच गेली. एकवीस वर्षं झाली. घराचा खटला चाललाय, म्हणून कुलूप आहे. तिला मूल नव्हतं. पण या इमारतीत कुणाला दिवस गेले की आईच्या आधी तिला कळायचं. खीर यायची. मग पुडी, मग धान्य, मग मोज्यांची जोडी. माझ्या बायकोला खीर आली तेव्हा आम्ही भांडलो होतो आणि ती माहेरी निघाली होती. वाडगा बघितला आणि बसली खाली."

"अम्म, ती वारली म्हणता," तेल्मो म्हणाला.

"हो, साहेब. मीच खांदा दिला."

"आणि मोजे अजून येतात?"

"गेल्या एकवीस वर्षांत इमारतीत मूलच झालं नाही," म्हातारा म्हणाला. "सगळी म्हातारी आणि ऑफिसं. त्यामुळे मलाही माहीत नव्हतं, अजून येतात ते."

समोरून एक सायकलवाला गेला. त्याची घंटी कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत राहिली.

"जोडी म्हणालात," इरिया हळूच म्हणाली. "मला एकच आला. आणि वाडगा रिकामा."

अम्म इद्रीसनं पेला खाली ठेवला. "पहिल्या वेळी वाडगा परत कसा पाठवलास?"

"घासून."

"आत काय ठेवलंस?"

"काहीच नाही."

म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली. तेवढ्यावरूनच इरियाला कळलं. दोन वर्षांत तिनं शंभरदा पाहिलं होतं: शेजारीण ताट देते, ताट परत जातं तेव्हा त्यात काहीतरी असतं, चार खजूर, मूठभर साखर, नाहीतर निदान एक लिंबू. तिनं पाहिलं होतं आणि हे आपल्यासाठी नाही असं समजून सोडून दिलं होतं. परक्या गावात राहणारी माणसं अशीच चुकतात. बघतात सगळं, आपल्याला मोजत नाहीत.

"आम्ही तिला मुलाचंच काहीतरी द्यायचो," अम्म इद्रीस म्हणाला. "मी पोरीचं पहिलं झबलं दिलं. दुधाचा वास होता त्याला. मदामनं ते नाकाशी धरलं आणि दार लावून घेतलं. पैसे दिले तर रागावायची."

"आणि कुणी काहीच दिलं नाही तर?"

"त्या दारी रिकामं भांडं आजवर कुणी पाठवलंच नाही, पोरी. म्हणून मला माहीत नाही."

"ती घ्यायची का?" इरियानं विचारलं. "म्हणजे, दिलेलं नसेल ते?"

"ती चोर नव्हती," म्हातारा म्हणाला. "दिलं तेवढंच घ्यायची. पण दिलं नाही की वाट बघायची. तिच्यासारखी वाट बघणारी बाई मी दुसरी पाहिली नाही."

वर आल्यावर तेल्मोनं दार लावलं, कुलूप घातलं, आणि मग उगाचच एकदा ओढून बघितलं. "म्हातारा गोष्टी छान सांगतो," तो म्हणाला. "दुपारी चहा कडक झाला की आणखी छान."

"माझ्याकडे या बाळाचं काहीच नाही," इरिया म्हणाली. "आपण मुद्दाम काही घेतलेलं नाही."

"हेच तर म्हणतोय. नाही ते कुठून देणार? संध्याकाळी बाजारातून दोन लिंबं आणू, ठेवू वाडग्यात, संपलं."

ती झोपायच्या खोलीत गेली. पलंगाखालची मोठी बॅग तिनं ओढून काढली. लिस्बनचे जाड लोकरी कपडे त्यात होते, इथे कधीच न लागलेले. एका मोज्याच्या आत दुसरा मोजा आणि त्याच्या आत कागदात गुंडाळलेले पिवळे बूट. कातड्याचे, दोन बोटांएवढे, बंद सुद्धा न सोडलेले. पहिल्या वेळी, आठव्या आठवड्यात, तेल्मोनं ऑफिसातून येताना आणले होते. खिशातून काढून त्यानं ते टेबलावर चालवून दाखवले होते, टप टप टप, आणि दोघं हसून हसून लोळले होते.

ती उंबऱ्याशी आली तेव्हा तेल्मो खिडकीपाशी उभा होता. त्यानं बूट बघितले आणि त्याचा चेहराच उतरला.

"मला वाटलं, तू टाकलेस."

"तूच टाक म्हणाला होतास."

"म्हणालो होतो." तो खुर्चीवर बसला. "आणि नंतर तीन दिवस खालच्या कचऱ्याच्या डब्यात हात घालून शोधत होतो. शेजारच्या बाईनं बघितलं, तर सांगितलं, घड्याळ हरवलंय."

इरिया त्याच्यापुढे फरशीवर बसली आणि बूट त्याच्या मांडीवर ठेवले. त्यानं एका बुटाचा तळवा अंगठ्यानं पुसला.

"हे या बाळाचं नाही," शेवटी तो म्हणाला.

"मुलाचंच काहीतरी, असं म्हणाला तो. कुठल्या, ते नाही म्हणाला."

"आणि दिले तर? आपल्याकडे तिचं दुसरं काही नाही, इरी."

तिचं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तो शब्द उच्चारला होता. मुलगी होती हे कुणी सांगितलं नव्हतं, सांगण्याइतके दिवसच झाले नव्हते. दोघांनीही मनातल्या मनात, एकमेकांना न सांगता, तेच धरून ठेवलं होतं.

"बॅगेत मोज्यात कोंबून ठेवलीय मी तिला," इरिया म्हणाली. "तीन वर्षं. त्यापेक्षा कुणीतरी वाट बघणारं असेल तर..." तिनं बुटांवरून हात फिरवला. खाली असलेली बाई चांगली की वाईट, हे तिला ठाऊक नव्हतं. आपण वाचवतोय की विकतोय, हेही ठाऊक नव्हतं. फक्त भांडं रिकामं पाठवायचं नाही, एवढंच ठाऊक होतं.

ऊन कलायला लागलं होतं. इरियानं वाडग्यात बूट ठेवले, त्यांचे बंद सोडले, म्हणजे घालणाऱ्याला सोपं जावं. वाडगा टोपलीत ठेवला. दोरी मात्र तेल्मोनं हातात घेतली.

"मी सोडतो," तो म्हणाला. "मला कळायला हवं."

टोपली कठड्याखाली गेली. तेल्मो हळूहळू दोरी सोडत होता, तोंडानं काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक अंतर. पहिली गाठ त्याच्या हातात आली आणि दोरी सैल पडली.

"अडकली," तो म्हणाला.

"नाही अडकली."

त्यानं थोडी ओढून बघितली. दोरी आली नाही. जोरानं नाही, हिसडा नाही. घरातल्या बाईनं "थांबा हं जरा" म्हणून पदर धरावा तशी ती धरलेली होती. तेल्मोच्या मनगटावरचे केस उभे राहिलेले इरियाला दिसले. खालून झडपेची कडी निघाल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. समोरच्या वडावरची पाखरंसुद्धा गप्प झाली होती.

आणि मग दोरी सुटली.

टोपली वर आली ती हलकी. वाडगा नव्हता, बूट नव्हते. तळाशी पांढरा मोजा होता, दुसरा. इरियानं उचलला तेव्हा तो कोमट होता, आत्ताच सुयांवरून आणि मांडीवरून उतरल्यासारखा.

तेल्मोनं कठड्यावरून वाकून बघितलं. "झडप उघडी आहे," तो कुजबुजला. "बोटभर."

इरियानं आतून पहिला मोजा आणला आणि दोन्ही मोजे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. कपाटात नाही, बॅगेत नाही. टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे. मग तिनं चहाचं आधण ठेवलं, कारण काहीतरी करायला हवं होतं.

पाणी उकळायच्या आत आवाज आला.

आधी तिला वाटलं, भांड्याचं झाकण थडथडतंय. तिनं गॅस बंद केला. आवाज बंद झाला नाही. तो खालून येत होता, फरशीखालून. टप. टप. मग जरा थांबून, टप टप. कुणीतरी बूट पायात नवे नवे घालून बघत होतं. एक पाऊल, मग दुसरं, भिंतीला धरून. मग धीर आल्यासारखी चारपाच सलग.

तेल्मो खोलीच्या मधोमध उभा होता. तो हळूच गुडघ्यावर बसला आणि त्यानं फरशीला कान लावला. पावलं गॅलरीच्या टोकाकडून स्वयंपाकघराकडे धावली, वळली, परत धावली. मागून एका बाईचा हलका, समजुतीचा आवाज, शब्द न कळणारा. पावलं थांबली नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा, पुन्हा, तीन वर्षं चालायचं राहून गेल्यासारखी.

"हळू," तेल्मो फरशीशी तोंड नेऊन म्हणाला. "पडशील, बाळा."

पावलं त्याच्या बरोबर खाली येऊन थबकली.

इरियानं श्वास रोखला. खालून कुणीतरी वर बघतंय, हे तिला फरशीतून कळत होतं. तिनं पायातल्या सपाता काढल्या, बाजूला ठेवल्या, आणि अनवाणी, आवाज न करता ती नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली. एक हात पोटावर होता. दुसरा तिनं गार फरशीवर पालथा ठेवला.

सकाळपासून पहिल्यांदाच ती काही मोजत नव्हती.

थोड्या वेळानं पावलं निघाली. सावकाश, टप, टप, सांगितल्यासारखी हळू.